कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नाही

प्रश्न: नमस्कार डॉक्टरताई, मी जालना जिल्ह्यातून लिहितेय. वय ३६, झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे, रोज एसटीने २८ किलोमीटर अपडाऊन करते. मिस्टरांना (वय ४१, कृषी सेवा केंद्र आहे) महिन्याभरापूर्वी रात्री उजव्या कमरेत अशी कळ आली की अंगणात गडबडा लोळत होते, उलट्या झाल्या, इंजेक्शन दिल्यावर थांबलं. सोनोग्राफीत ६ एमएमचा मुतखडा निघाला, नळीच्या खालच्या टोकाला, आणि रिपोर्टवर माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस असं लिहिलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोन-तीन आठवड्यांनी परत सोनोग्राफी सांगितली होती, पण आठ दिवसांत दुखायचं थांबलं तर आता हे म्हणतात खडा गेला, कशाला परत पैसे घालायचे. सासूबाई रोज पानफुटीची पानं आणि कुळथाचं कढण देतात, सासरे म्हणतात दोन बीअर मार, मोकळा होशील. घरात दूध, टोमॅटो, वांगं बंद केलंय, सगळ्यांचंच, नऊ वर्षांच्या मुलीचंसुद्धा, कारण सासूबाई म्हणतात खडा घराण्यात येतो. मला स्वतःला वर्षभरात चौथ्यांदा लघवीला जळजळ होतेय, सारखं जावंसं वाटतं आणि थेंबभरच होते. मेडिकलवाले गोळी देतात, दोन दिवसांत बरं वाटतं मग मी सोडते. मलापण खडाच असेल का? एकमेकांचं लागतं का हे? सासऱ्यांना (वय ६८) पण दिवाळीत एकदा लघवी लाल झाली होती, पण दुखलं काहीच नाही आणि आपोआप थांबली. सगळ्या घराला हा एकच आजार आहे का?

उत्तर: बाई, (शिक्षिका आहात म्हणून बाईच म्हणते, आमच्या गावात शाळेतल्या बाईंना नावाने कोणी हाक मारत नाही) तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत पण मला दोन ओळी टोचल्या, एक मिस्टरांचं दुखायचं थांबलं म्हणून परत सोनोग्राफी केली नाही ती, आणि दुसरी अगदी जाता जाता लिहिलेली सासऱ्यांची. सासऱ्यांवर शेवटी येते, पण विसरणार नाहीये. आणि सगळ्या घराला एकच आजार नाही, तीन माणसांचं तीन वेगवेगळं काहीतरी चाललंय. सारखं काय असेल तर तुम्ही तिघंही दुखतंय का नाही एवढ्यावरच सगळं ठरवताय.

आधी मिस्टर. किडनीतून लघवी खाली मूत्राशयात आणणारी जी नळी असते ती साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम तीन-चार मिलीमीटर, म्हणजे सलाईनच्या नळीएवढी समजा. त्यात तीन जागा जास्त अरुंद, किडनीतून निघते तिथे, मध्ये मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. मिस्टरांचा खडा या शेवटच्या दारात अडकलेला. लोकांना वाटतं खड्याचे काटे टोचतात म्हणून दुखतं, ते थोडंफार असेल, पण ती गडबडा लोळवणारी कळ येते ती मागे तुंबलेल्या लघवीच्या दाबाने. मिस्टर ठिबकचं सामान विकत असतील तर त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा, पुढे कचरा अडकला आणि मोटर चालूच राहिली की नळी मागच्या बाजूला फुगते की नाही, तसं. ते माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे हेच, किडनी मागून थोडी फुगलीय.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, इथेच लोक फसतात. काही दिवस तुंबलेलं राहिलं की त्या बाजूची किडनीच लघवी कमी तयार करायला लागते, मोटरच हळू होते, दाब उतरतो आणि कळ थांबते. खडा आहे तिथेच. लघवी व्यवस्थित होत असते कारण दुसरी किडनी काम करत असते, त्यामुळे माणसाला शंकासुद्धा येत नाही. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक रिटायर्ड कंडक्टर आले होते, आले होते ते पोट साफ होत नाही म्हणून. सोनोग्राफी केली तर डावी किडनी म्हणजे नुसती पाण्याची पिशवी, भिंत कागदासारखी. पिशवीतून जुनी फाईल काढली, दोन वर्षांपूर्वीचा ८ एमएमचा खडा. म्हटलं पुढे काय केलं, तर म्हणाले मॅडम दुखायचंच बंद झालं ना. ती किडनी परत आली नाही.

घाबरवायला सांगत नाही, मिस्टरांचा खडा खरंच पडून गेला असण्याची शक्यता चांगली आहे. ५ एमएमच्या आतले बहुतेक आपोआप पडतात, ५ ते १० मधले साधारण निम्मे, आणि खालच्या टोकाला येऊन पोचलेले जास्तच पडतात. पण पडला तर कोणी बघितला का? लघवी गाळली होती का? साधी चहाची गाळणी चालते (दुसरी आणा, आणि तिला लाल दोरा बांधून ठेवा, काय सांगावं) आणि खडा सापडला तर डबीत घालून लॅबला द्यायचा, कशाचा बनलाय ते कळलं की पुढचं पथ्य नेमकं सांगता येतं. बघितलेला नाही आणि गाळलेलं नाही तर सोनोग्राफी करायची, वाद नाही. त्यात कधीकधी खालचा खडा चुकतो पण किडनीची सूज उतरलीय की नाही ते कळतंच, शंका राहिली तर डॉक्टर साधा सीटी स्कॅन सांगतील. खडा असेल तर साधारण चार ते सहा आठवड्यांच्या पुढे कोणी युरॉलॉजिस्ट (लघवीच्या मार्गाचे सर्जन) नुसती वाट बघत बसत नाही, आणि तुमचे चार झालेत.

आणि हे मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा: खडा आहे आणि थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. अडकलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं की ते रक्तात जायला वेळ लागत नाही, नुसत्या गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने भागत नाही, आधी नळी घालून ती लघवी मोकळी करावी लागते, म्हणून जिथे युरॉलॉजिस्ट आहे अशा दवाखान्यात रात्रीच न्यायचं. लघवी अजिबातच बंद झाली, उलट्यांनी पाणी पोटात टिकेना, किंवा माणसाला किडनी एकच आहे, तरी तसंच. गरोदर बाईला अशी कळ आली तरी घरी बसायचं नाही.

गोळ्यांबद्दल एक सांगून ठेवते कारण हे कोणी बोलत नाही. खालच्या टोकाच्या खड्याला बहुतेक टॅम्सुलोसिन देतात, नळी सैल पडावी म्हणून. तिने पटकन उठल्यावर चक्कर येते, म्हणून रात्री घेतात, आणि पुरुषांना संबंधाच्या वेळी वीर्य कमी येतं किंवा येतच नाही. मग ते घाबरतात, कोणाला सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात. गोळी बंद केली की ते पूर्ववत होतं, काही बिघडलेलं नसतं. तुमच्या मिस्टरांनी गोळी मध्येच सोडली असेल तर हे कारण असू शकतं, विचारून बघा हळूच. आणि दुखण्याची गोळी कळेपुरतीच, ज्याच्या किडनीला आधीच सूज आहे त्याने ती रोज चणेफुटाण्यासारखी खायची नाही.

ऑपरेशनची वेळ आलीच तर हल्ली चिरफाड क्वचितच होते. १९८० साली जर्मनीत म्युनिकला पहिल्यांदा बाहेरून लहरी मारून माणसाच्या पोटातला खडा फोडला, मशीन बनवणारी डॉर्निअर कंपनी मुळात विमानांची, विमानांत उठणाऱ्या धक्क्याच्या लहरींचा अभ्यास करता करता हे निघालं. मिस्टरांसारख्या खालच्या खड्याला बहुतेक लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने फोडतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याची ऑपरेशनं बसतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला रेशनकार्ड दाखवून आधी विचारा, पैसे भरून झाल्यावर नाही. आणि लघवी वाहती राहावी म्हणून आत स्टेंट, म्हणजे बारीक नळी ठेवली, ज्याला सगळे डीजे म्हणतात, तर तो काढायची तारीख तिथेच लिहून घ्या. ऊसतोडीला जाणारा एक पोरगा माझ्याकडे आला होता, डीजे टाकला, दिवाळीनंतर टोळीबरोबर कोल्हापूरकडे गेला, दुखत नव्हतं म्हणून राहिला तो तीन वर्षं राहिला, आणि त्या स्टेंटवरच खडे चढून बसले. एका दुर्बिणीचं काम होतं ते तीन ऑपरेशनांचं झालं. डीजे काही आठवड्यांचा पाहुणा असतो.

आता स्वयंपाकघर. सासूबाईंशी भांडू नका, कुळथाला माझा काहीच विरोध नाही, मी कोकणातली आहे, कुळथाचं पिठलं आणि भात म्हटल्यावर मी पथ्याची वाट बघत नाही. पण ६ एमएमचा खडा कढणाने विरघळेल अशी आशा नको. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते एकदा बनले की कुठल्याच औषधाने विरघळत नाहीत, ना आमच्या ना तुमच्या. युरिक अ‍ॅसिडचे खडे तेवढे विरघळवता येतात, लघवीचा आंबटपणा कमी करणारी औषधं देऊन, पण ते खडे कमी लोकांना असतात. मग शेजारच्या काकांचा खडा पानफुटीने कसा पडला? अहो तो पडणारच होता. लहान खडे आपले आपण पडतात, आणि पडायच्या आधी जे शेवटचं खाल्लं त्याला क्रेडिट जातं, पानफुटी असो, मक्याच्या कणसाचे केस असोत, नाहीतर गावातला अंगारा. पानफुटी मात्र मी बंदच करा म्हणेन, त्या जातीच्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, गुरांनी जास्त खाल्लं तर त्यांना विषबाधा होते, रोज अनशापोटी पानं चावायची काय गरज आहे.

बीअरचं सासऱ्यांना माझ्याकडून सांगा की बीअरने लघवी जास्त होते हे खरं, पण नळीचं तोंड बंद असताना वरून धो धो पाणी सोडलं तर काय होतं ते ठिबकवाल्याला विचारा. कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी पाजतात तेही त्यामुळेच चूक, तहानेपुरतं प्यायचं. वर बीअरने दुसऱ्या दिवशी शरीर कोरडं पडतं आणि युरिक अ‍ॅसिड वाढतं.

दुधाचं मात्र मला रागच आला, मुलीचं वाचून. नऊ वर्षांच्या पोरीचं दूध बंद! खड्यात कॅल्शियम असतं म्हणून खाण्यातलं कॅल्शियम बंद करायचं हे ऐकायला बरोबर वाटतं पण शरीरात उलटं होतं. जेवणातलं ऑक्झलेट (पालकासारख्या भाज्यांत असतं ते द्रव्य) आणि दुधा-दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच एकमेकांना धरतात आणि शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम काढून घेतलं की ते ऑक्झलेट मोकळं सुटतं, रक्तात जातं, तिथून लघवीत, आणि तिथे खडा बनवतं. इटलीत परत परत खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षं हे करून बघितलं, २००२ साली ते छापून आलं. निम्म्यांना कॅल्शियम कमी केलेलं जेवण, निम्म्यांना नेहमीएवढं कॅल्शियम पण मीठ आणि मटण-मांस कमी. कॅल्शियम कमी केलेल्या साठांतल्या २३ जणांना परत खडा झाला, दुसऱ्या साठांत १२ जणांना. म्हणजे सासूबाईंच्या पथ्याने मिस्टरांचा धोका वाढतोय. जेवणाबरोबर वाटीभर दही किंवा ताक, बिनधास्त. कॅल्शियमच्या गोळ्या तेवढ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, ते वेगळं आहे.

टोमॅटो आणि वांग्याच्या बिया खड्यासारख्या दिसतात एवढाच त्यांचा गुन्हा. पोटातल्या बिया किडनीत जात नाहीत, रस्ताच वेगळा आहे. खरोखर ऑक्झलेट भरलेलं काय असेल तर पालक, अळू, राजगिऱ्याची भाजी, बीट, बदाम, काजू. महिन्यातून एकदा अळूचं फदफदं खाल्लं तर काही होत नाही, पण सकाळी उठून ग्लासभर पालकाचा ज्यूस पितात ना व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून, तो बंद. शेंगदाण्याचं कूट आपल्याकडे प्रत्येक भाजीत पडतं, त्याचा हात आखडता घ्या. व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या कोविडपासून अजून रोज चालू असतील तर त्याही थांबवा, त्याचं शरीरात ऑक्झलेट होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मीठ. लघवीतून मीठ बाहेर जाताना कॅल्शियमला बरोबर घेऊन जातं. ठेचा, लोणचं, पापड, दुकानावर बसल्या बसल्या शेव-फरसाण, हे मिस्टरांचं खरं पथ्य, वांगं नाही. लिंबू चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा बनू देत नाही, लिंबूपाणी करा पण साखर आणि मीठ न घालता, आवडलं नाही तरी. बोअरच्या पाण्यावर सगळे खापर फोडतात, क्षार आहेत क्षार आहेत म्हणून, पण जड पाण्याने खडे होतात असा काही भक्कम पुरावा नाही. पाणी जड आहे म्हणून आरओ बसवतात आणि पितात तेच दोन ग्लास.

पाणी किती, तर किती प्यायलात यापेक्षा किती लघवी झाली ते बघायचं, दिवसाला अडीच लिटर. जालन्यात मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात बसणाऱ्याचं निम्मं पाणी घामातच जातं, त्यामुळे आठ ग्लास वगैरे हिशोब तिथे लागत नाही. एका रविवारी सकाळची पहिली लघवी सोडून द्या आणि तिथून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी एका मापाच्या जुन्या बाटलीत किंवा डब्यात जमा करायला सांगा. कितीतरी पुरुषांची लिटरभरसुद्धा भरत नाही आणि तेही बीअरच्या रंगाची, ते डोळ्यांनी बघितलं की मग माझ्या भाषणाची गरज पडत नाही. इटलीतच १९९६ साली पहिला खडा झालेल्यांचा पाच वर्षांचा अभ्यास छापून आला, भरपूर पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना परत झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. नुसतं पाणी, दुसरं काही नाही. झोपताना एक ग्लास प्या आणि रात्री उठावं लागलं तर उठा, आणखी एक प्या.

आता तुम्ही. नाही, तुमचं त्यांना लागत नाही आणि त्यांचं तुम्हाला नाही. तुम्ही सांगताय ती लक्षणं मूत्राशयाच्या इन्फेक्शनची. आपल्याकडे याला उन्हाळी लागली म्हणतात आणि धने-जिऱ्याचं पाणी पितात, आणि नुसतं कमी पाण्याने लघवी घट्ट होऊन आग होत असेल तर त्याने दिवसभरात बरंही वाटतं. पण सारखी घाई, थेंबभर होणं, ओटीपोटात दुखणं, वास, ही उन्हाळी नाही. जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात, ई कोलाय नावाचे, आणि बायकांची मूत्राशयातून लघवी बाहेर नेणारी वाट जेमतेम चार सेंटीमीटरची, त्यामुळे त्यांना आत शिरायला वेळ लागत नाही. यात अस्वच्छ असण्याचा, नवऱ्याच्या चारित्र्याचा काही संबंध नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण माझ्यासमोर बसून बायका हे हळू आवाजात विचारतात. संबंधानंतर मात्र लघवीला जाऊन यायचं, आणि धुताना पुढून मागे, एवढी सवय ठेवा.

तुम्ही लिहिलं नाहीत पण मी पैजेवर सांगते, सकाळी साडेनऊला घरून निघताना तुम्ही पाणी पीत नाही. एसटीत सोय नाही, स्टँडवरचं स्वच्छतागृह बघवत नाही, शाळेतल्याला कडी नाही किंवा पाणी नाही, म्हणून साडेपाचला घरी येईपर्यंत धरून ठेवायचं आणि त्यासाठी घोटघोटच प्यायचं. माझ्याकडे येणाऱ्या शिक्षिका, अंगणवाडीताई, महिला कंडक्टर, पोलीस, सगळ्यांची हीच गोष्ट. मूत्राशय तासन्‌तास भरलेलं राहिलं की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. मुंबईत २०११ पासून राईट टू पी म्हणून बायकांनी मोहीम चालवली ती याच साध्या गोष्टीसाठी होती, तुमच्या शाळेत निदान व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये कडी आणि बादलीचा विषय तुम्ही काढू शकता, सहावी-सातवीच्या मुलीही तुमच्यासारख्याच पाणी न पिता बसत असतील. तोपर्यंत दर तीन तासांनी जायचंच, आणि इंग्लिश कमोडवर किळस येते म्हणून अधांतरी राहून करू नका, पूर्ण रिकामं होत नाही, पाण्याने धुवून टेकून बसा, सीटवरून हे इन्फेक्शन सहसा येत नाही.

मेडिकलच्या गोळीने दोन दिवसांत बरं वाटतं कारण अर्धे जंतू मरतात. उरतात ते चिवट. पुढच्या वेळी तीच गोळी चालत नाही, मग मोठी, मग इंजेक्शनं. नॉरफ्लॉक्सॅसिन, सिप्रो या जुन्या गोळ्यांना आपल्याकडचे ई कोलाय फार दाद देत नाहीत आता, आणि साध्या इन्फेक्शनला पाच दिवसांची नायट्रोफ्युरंटॉइन किंवा एका पुडीची फॉस्फोमायसिन असे चांगले पर्याय आहेत, पण तुम्हाला काय द्यायचं ते तुमचे डॉक्टर कल्चर (लघवीत कोणता जंतू आहे आणि त्याला कोणती गोळी चालते ती लॅबची तपासणी) बघून ठरवतील. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन झाली की त्याला वारंवार होणारं म्हणतात, तुमची चार झालीत, म्हणजे आता कल्चरशिवाय गोळी नाही. पुढच्या वेळी त्रास सुरू झाला की अँटिबायोटिक घ्यायच्या आधी, हे महत्त्वाचं, आधी, लॅबमधून निर्जंतुक बाटली आणा, घरातली जॅमची धुतलेली नको. साध्या पाण्याने धुवा, डेटॉल वगैरे नको, सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्या, मधली बाटलीत घ्या, आणि तासाभरात लॅबला पोचवा. एसटीच्या पिशवीत दुपारपर्यंत राहिली तर बाटलीतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. आणि उलटंही सांगते, काही त्रास नाही आणि चेकअपमध्ये उगाच थोडे पस सेल (पू-पेशी) किंवा जंतू दिसले म्हणून गोळ्या खायच्या नसतात, गरोदर असाल तर गोष्ट वेगळी.

तुमची शुगर एकदा तपासा आणि सोनोग्राफी एकदा करा, लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही बघायला सांगा. कारण किडनीत खडा असेल तर त्याच्या आडोशाने जंतू राहतात आणि इन्फेक्शन परत परत येतं, काही जंतू तर स्वतःच खडा तयार करतात. आणि गंमत म्हणजे नळीच्या खालच्या टोकाला आलेल्या खड्यानेही इन्फेक्शन नसताना हुबेहूब तुमच्यासारखीच लक्षणं होतात. म्हणून मलापण खडाच असेल का हा तुमचा प्रश्न वेडा नाहीये, बघितल्याशिवाय उत्तर देता येत नाही एवढंच. थंडी-ताप आणि पाठीत बरगडीखाली दुखायला लागलं तर मात्र इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं समजायचं, शाळेला रजा टाकायची आणि त्याच दिवशी दवाखाना.

आता सासरे. ६८ वर्षांच्या माणसाला लघवीतून रक्त गेलं आणि दुखलं नाही, यात दिलासा काही नाही. खडा असता तर बहुधा दुखलं असतं, इन्फेक्शन असतं तर जळजळ झाली असती. न दुखता लाल लघवी, एकदाच झाली आणि थांबली तरी, आम्ही मूत्राशयाचा कॅन्सर नाही ना हे बघितल्याशिवाय सोडत नाही, बिडी-सिगारेट ओढत असतील किंवा पूर्वी ओढली असेल तर अजिबातच नाही. तो असाच येतो, एकदा दिसतो, थांबतो, चार-सहा महिने गप्प राहतो. बहुतेक वेळा प्रोस्टेट वगैरे साधं कारण निघतं, बीट खाल्लं म्हणूनही लाल होते, पण ते दुर्बिणीने आत बघून झाल्यावर म्हणायचं. दिवाळीत झालं तेव्हाच यायला हवं होतं, ठीक आहे, आता चला. ते नाही म्हणतील, म्हणतील मला काय धाड भरलीय. त्यांना सांगा की मुलाला सोबत म्हणून यायचंय आणि मुलाला सांगा की वडिलांना सोबत म्हणून जायचंय, हे माझ्या ओपीडीत बऱ्याचदा चाललंय.

शनिवारी तुमची सकाळची शाळा असते ना, मग दुपारची अपॉइंटमेंट घ्या, तिघं एकाच गाडीने जा, मिस्टरांचा जुना रिपोर्ट बरोबर घ्या. मुलीच्या दुधाला शनिवारपर्यंत थांबू नका, आजच द्या. आणि जाताना पाणी पिऊन जा, सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, तेवढ्या दिवशी धरून ठेवायला माझी हरकत नाही.